कुणाचं मशीन भारी

बारक्या : ...काही म्हण ताई, व्हिडिओ गेममध्ये माझा सेगा तुझ्या निन्टेन्डोपेक्षा भारीच होता. प्रोसेसर जवळजवळ दुप्पट वेगाचा!

ताई : अरे, केस पिकले तुझे. तो डबा बाजूला ठेव आणि कपाट रिकामं कर. उद्या बाबांच्या या घराची किल्ली मालकाला द्यायची आहे ना?

बारक्या : करतो गं. आधी कबूल कर.

ताई : काय कबूल करू, कपाळ? तुझ्या मशीनमध्ये एका वेळी जेमतेम साठ रंग. माझ्यात अडीचशे. तुझं जंगल म्हणजे दोन हिरवे आणि एक मळकट तपकिरी.

बारक्या : आणि तुझ्याकडे चार विमानं एकदम आली, की सगळा खेळ रांगायला लागायचा!

ताई : रांगू दे. आवाज तरी आवाजासारखा होता. तुझा ढोल पत्र्याचा डबा बडवल्यासारखा.

बारक्या : दर रविवारी हेच भांडायचो आपण. मी तुझ्या आणि आईच्या घरी आलो की.

ताई : दुसरं बोलणार काय? आई स्वयंपाकघरातून कान टवकारून असायची, बाबांकडची काही खबर मिळते का म्हणून. प्रोसेसरवर भांडलं की कुणाला काही लागत नव्हतं.

बारक्या : आई-बाबांनी एकच मशीन घेतलं असतं, तर कॅसेट तरी बदलून खेळलो असतो.

ताई : वेगळे झाल्यावर एकमेकांशी शब्द बोलत नव्हते ते. विचारणार कोण कुणाला?... उद्या किती वाजता सोडायचंय बाबांना त्या वृद्धाश्रमात?

बारक्या : सकाळी. खोली बरी आहे. खिडकी आहे, नर्स असते.

ताई : ठरवलंस ते बरं केलंस.

बारक्या : ठरवलं कसलं, थकलो. झटका आल्यापासून त्यांची आंघोळ, औषधं, रात्रीचं उठणं. परवा मीटिंगमध्ये बसल्या बसल्या झोपलो मी. बायकोची पाठ तर कधीच गेली. त्यांना तुझ्याकडे नेशील का, विचारावं असं मनात आलं होतं.

ताई : मग?

बारक्या : तू काय म्हणाली असतीस?

ताई : नाही म्हणाले असते. वाटणीत तू त्यांच्याकडे गेलास, मी आईकडे. मुलगीही हवी, असं एकदा तरी म्हणाले का ते?

(बाबा काठी टेकत दारात येतात.)

बाबा : मग, कुणाचं भारी ठरलं?

बारक्या : तुम्ही झोपला होतात ना?

बाबा : भिंत पातळ आहे इथली. सेगा मी दोन घेतले होते.

ताई : दोन कशाला?

बाबा : एक तुला. घेऊन आलो होतो तुमच्याकडे. दार उघडं होतं. तू जमिनीवर पालथी पडून खेळत होतीस. आईनं आधीच ते दुसरं आणलेलं.

ताई : मग हाक नाही मारायची?

बाबा : मारणार होतो. पण पडद्यावर काय आकाश होतं! इतके रंग. बगलेतला खोका उगाच वाटायला लागला. दुकानात परत देऊन आलो.

बारक्या : आणि मला इतकी वर्षं सांगत आलात, आपलंच भारी म्हणून!

बाबा : घरी दिवसभर एकटा असायचास. तुला काय सांगू, तिकडचं चांगलं आहे?

ताई : एक हाक मारली असतीत ना बाबा, मी त्या मशीनकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नसतं.

बाबा : हं. ते नाही सुचलं मला.

ताई : बारक्या, त्या आश्रमाच्या लोकांना फोन कर. महिनाभर थांबा म्हणावं.

बारक्या : ताई, भरात येऊन बोलू नकोस. त्यांना उठवताना कंबर मोडते माझी.

ताई : भरात-बिरात काही नाही. राग आहेच माझा, तो काही आज गेला नाही. एक बाई ठेवीन मदतीला. नाही झेपलं तर मीच नेऊन सोडेन, तुला बोल लावणार नाही. तू घरी जाऊन झोप आधी.

बारक्या : खरंच?

ताई : फोन कर. बाबा, माझ्याकडे लिफ्ट नाही. दोन मजले चढायचेत.

बाबा : मग उजेड आहे तोवर निघू. मला वेळ लागतो.