अबू नखले पडले नव्हते

आजच्या समारंभाचे अध्यक्ष मिखाईलसाहेब, व्यासपीठावर बसलेल्या मठाच्या मदर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते फादर उर्बान, आणि लोदच्या या चर्चच्या अंगणात आलेल्या माझ्या शेजारच्या बंधू-भगिनींनो,

मी मलका नवगावकर. समोरच्या गल्लीत राहते. आम्ही बेने इस्राएल, यहुदी. तुमच्या धर्माची नसताना तुम्ही मला चार शब्द बोलायला उभं केलंत, हा तुमचा मोठेपणा. इस्राएलात येऊन इतकी वर्षं झाली तरी माझं हिब्रू बाजारहाटापुरतं, अरबी तेवढंही नाही. म्हणून मी मराठीत बोलते आणि फादर तुम्हाला अरबीत सांगतात. सत्कारमूर्तीलाच स्वतःची स्तुती करायला लावणारी मी पहिलीच असेन. फादर, संकोचून काही गाळू नका.

फादरांची ओळख कशी झाली ते सांगते. बासष्ट सालचा उन्हाळा. शरावचा वारा सुटला होता, भट्टीचं दार उघडावं तसा. बस येईना. मी आपली पुटपुटले, "देवा, काय हा उकाडा, जीव नको झाला." मागून आवाज आला, "बाई, सावलीत या, लई तापलंय." वळून बघते तर पांढऱ्या झग्यातला गोरा साहेब! नगर जिल्ह्यात किती वर्षं काढून आले होते ते. मी कोकणातली, त्यांची बोली देशावरची, पण मला रडू आलं. यजमान वारल्यापासून माझ्या घरात मराठी एकाच बाजूने चाले. मी मराठीत विचारी, मुलगा हिब्रूत उत्तर देई.

मग मी इथं येऊ लागले. उन्हाळ्यात तुमची प्रार्थना या तुतीखाली होते, हे किती चांगलं आहे! बायका संध्याकाळी अंगण शिंपतात, चटया टाकतात, पोरं गार फरशीवर लोळतात. ऑगस्टात मरियम मातेच्या सणाआधी रोज जपमाळ होते. मी पायरीवर शिवण घेऊन बसे. तुमची प्रार्थना चालली की मी मनात आमची शमाची प्रार्थना म्हणे. मला कोणी "आत ये" म्हटलं नाही, की "इथं का बसतेस" असंही विचारलं नाही.

इथवर फादरांनी सगळं सांगितलं. आता पुढचंही सांगावं, अशी विनंती आहे.

गेल्या वर्षीचा सण तुम्हाला आठवतो. मरियम मातेची मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणूक फाटकातून निघत होती. मूर्तीच्या पालखीचा पुढचा दांडा अबू नखल्यांच्या खांद्यावर होता, त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून तो मान त्यांच्याच घराचा. ते कोसळले, मूर्ती पडली, तिचा हात तुटला. आपण सगळे काय म्हणालो? म्हातारा थकला, हट्ट सोडत नाही. कोणी म्हणालं, पिऊन आला होता. मीही म्हणाले, वय झालं की माणसानं बाजूला व्हावं. यंदा दांडा दुसऱ्यांनी उचलला. अबू नखले भिंतीशी उभे होते. त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हतं.

मंडळी, अबू नखले पडले नव्हते. त्यांच्या घोट्यावर दगड बसला होता.

फादर, थांबलात का? सांगा ना. फादर नको म्हणून मान हलवताहेत.

इझिकेल, तू कशाला पुढे आलास? बरं. ये, इथं माझ्याजवळ उभा राहा. मंडळी, हा माझा मुलगा. विमानतळावर सामान चढवतो. तो हिब्रूत सांगेल. ज्या वडीलधाऱ्यांना हिब्रू कळत नाही त्यांना शेजारच्यांनी समजावावं.

इझिकेल, जे मी म्हणेन तेच सांग.

दगड माझ्या मुलानं मारला.

सांगितलंस? हं.

परवा मी त्याला म्हटलं, "फादरांचा निरोपसमारंभ आहे, खुर्च्या वाहायला चल." तो म्हणाला, नाही. मी रागावले. तेव्हा तो मराठीत बोलला, कित्येक वर्षांनी. "आई, तो म्हातारा पडला नव्हता. मी मारला दगड." मी विचारलं, "का रे?" म्हणाला, "कामावरची पोरं विचारायची, तुझी आई चर्चमध्ये जाते, मग तुम्ही कसले यहुदी?" तुम्हाला माहीत असेल, आम्ही खरे यहुदी का, असं आम्हाला अलीकडे लग्न जुळवताना तोंडावर विचारतात. ते दुःख मोठं आहे. पण ते ज्यांनी दिलं त्यांना याचा दगड लागला नाही. ज्यांनी याच्या आईला सावली दिली, त्यांना लागला.

हेही सांग, इझिकेल. जसंच्या तसं.

काल मी फादरांकडे आले. त्यांनी त्या संध्याकाळी याला भिंतीआडून पळताना पाहिलं होतं. मी म्हटलं, "मग बोललात का नाही?" म्हणाले, "बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी दोन्ही गल्ल्यांतली पोरं दगड घेऊन उभी राहिली असती." आणि अबू नखल्यांनीच त्यांना सांगितलं होतं, "मी पडलो असंच म्हणा." फादर, तुम्ही गल्ली वाचवलीत, मी जन्मभर विसरणार नाही. पण तिची किंमत या माणसानं एकट्यानं भरली, आणि तुम्ही ती भरू दिलीत. निरोपाच्या दिवशी असं बोलावं लागतंय.

मला आज मान वर करवत नाही. एवढंच मागते. कोणाला राग आला असेल तर तो माझ्या दारात आणा, गल्लीत नको. आणि पुढच्या सणाला दांडा त्यांच्या खांद्यावर द्या.

अबू नखले, तुम्ही काही उत्तर द्यायला हवं असं नाही.

अध्यक्षमहाराज, मला बोलू दिलंत, आपणा सर्वांची ऋणी आहे. फादर, सुखरूप जा, तब्येत सांभाळा. शब्दांत कुठं उणंअधिक झालं असेल तर ते माझं अडाणीपण समजून पोटात घाला. पण दगडाची माफी मी मागत नाही. ती ज्याची त्यानं मागायची आहे. मी बसते. इझिकेल, आता तू बोल.