चार खुर्च्या, चार दस्त्या

...आणि वर दोस्त मलाच म्हणतात, "हरिओम, तुझ्याच्यानं एक खुर्ची सांभाळणं झालं न्हाई!" एक? अहो, चार होत्या! चार खुर्च्या, चार दस्त्या म्हणजे हातरुमाल, आणि राखणीला मी एकटा! तुम्हाला सांगतो, पिकात डुकरं आली तर हाकलता तरी येतात. डुक्कर काही 'बसू का रे बाळा?' म्हणत न्हाई!

आता तुम्ही म्हणाल, एवढा घडाघडा बोलून राहिलास, तिथं का तोंड उघडलं न्हाईस? अहो, तुम्ही खुर्ची मागून राहिले न्हाईत म्हणून बोलतोय! कोणी काही मागितलं की माझी जीभ जी टाळूला चिकटती... मी काय बोलणार?

झालं काय, नांदेडात नदीकाठच्या मैदानावर जुन्या गाण्यांचा कार्यक्रम होता. फुकट! जुनी म्हणजे लई जुनी न्हाई, आमच्या शाळेच्या टायमाची. वर्गातल्या दयानंदच्या भावाच्या मोबाईलात मेमरी कार्ड होतं ना, त्यातली गाणी. आता त्याला बॅनर लावून 'सोनेरी आठवणी' म्हणून राहिलेत! माझं अजून लग्न झालं न्हाई, आन मी आठवणीत जमा!

पण जायचंच होतं. अजहर दुसऱ्या दिवशी सकाळी हैदराबादला चालला होता, कायमचा. फ्रिज-एसी दुरुस्तीचं काम लागलं त्याला. मी, अजहर, दयानंद, वीरभद्र, आम्ही चौघं मुदखेडच्या शाळेत शेवटच्या बाकावर बसायचो. आठवीत मी शाळा सोडली, बापाच्या पंक्चरच्या दुकानात बसलो. तवापासून चौघं एका लाइनीत बसलोच न्हाई बघा. लग्नाकार्यात गाठ पडली तरी एकजण वाढतोय, एकजण जेवतोय, वीरभद्र रुसून बाहेर. म्हणून अजहर म्हणला, "यारो, जाने के पहले एक बार चारों एक लाइन में बैठेंगे. वो सीटीवाला गाना सुनेंगे. बस!"

त्या गाण्याच्या सुरुवातीला शिट्टी हाय. वर्गात आम्ही बाकाखाली तोंड घालून वाजवायचो आन सर खिडकीबाहेर बघायचे.

मग ठरलं, हरिओमनं आधी जाऊन जागा धरायची. दयानंदकडं शेतातली हळद शिजत होती, वीरभद्र लातूरहून यायचा, अजहरची बांधाबांध. आणि मी? "तुझं काय, पंक्चर उद्या काढ!" घ्या! अजहरनं स्वतःची दस्ती दिली, अत्तर लावलेली. "ये बीच में रख. खुशबू आई तो कोई नहीं हटाता."

तुम्हाला सांगतो, एस्टीच्या खिडकीतून दस्ती टाकली की ती सीट आपली. ह्यावर कंडक्टरबी बोलत न्हाई. मी दुसऱ्या रांगेत मधोमध तीन खुर्च्यांवर तीन दस्त्या टाकल्या, चौथी स्वतःच्या खाली अंथरली आन ताठ बसलो. असा ताठ, की जणू सत्कार माझाच!

पहिली आली एक आजी. हातात पिशवी. "बाळा, इथं कोणी हाय का रे?" मला म्हणायचं होतं, हाव आजी, माणसं येऊन राहिलीत. तोंडातून निघालं, "बसा." बसली! अजहरची दस्ती उचलली, घाम पुसला, वास घेतला, "अगं बया, कसला वास मारतोय!" म्हणत कंबरेला खोचली. वर ओळख करून दिली, "मी विठाबाई." आता मी काय बोलणार?

मग एक नवरा-बायको. नवीनच लग्न झालेलं, हातावरची मेंदी उतरली नव्हती. नवरा म्हणला, "भाऊ, जरा सरकता का? हिला एकटीला भ्या वाटतं." अहो, हजार माणसात कसलं भ्या! पण ती बिचारी खाली बघून राहिली, मीबी खाली बघून राहिलो, आन त्या खाली बघण्यात दोन खुर्च्या गेल्या!

तेवढ्यात दयानंदचा फोन. "चारी धरल्यास ना बे?" म्हणलं, हाव. खोटं कुठं बोललो? धरल्या होत्याच की!

राहिली माझी. विठाबाई म्हणली, "बाळा, ह्या पिशवीत लोणच्याची बरणी हाय. काचेची. लेकीला न्यायची. खाली ठेवली तर कोणाचा पाय लागंल रे." आणि माझ्या खुर्चीकडं अशी बघितली... उठलो! तुम्ही हसून राहिलात, पण तुम्हीच सांगा, लोणच्याला मी काय बोलणार?

तिघं आले तेव्हा मी खांबाला टेकून उभा. दयानंद सुरू झाला, "बरणी बसली! बघ वीरभद्र, दुसऱ्या रांगेत बरणी बसली आन आपण उभे!" वीरभद्र म्हणला, "मी लातूरहून दोन एस्ट्या बदलून आलो बे, लोणचं बघायला?" अजहर मात्र टाचा उंचावून दुसरीकडं जागा शोधून राहिला. 

जागा कुठंच न्हाई. शेवटी स्टेजच्या मागं गेलो. तिथं मंडपवाल्याचा टेम्पो, मागचा फाळका खाली सोडलेला. त्यावर चौघं बसलो, पाय लोंबकळत. समोर काय दिसतं? गाणाऱ्याची पाठ! आणि शेजारी जनरेटर, ढरढरढरढर! शिट्टीचं गाणं आलं... शिट्टीच ऐकू येईना! मग अजहरनं तोंडात बोटं घातली. मग दयानंदनं. मग आम्ही चौघांनी अशी वाजवली, की गाणारा मागं वळून बघायला लागला!

गाणं संपलं आन अजहर म्हणला, "तेरे को मालूम क्या? तू स्कूल छोड़ा ना, तेरी जागा पे हम दस्ती डालते थे."

"कवर? किती दिवस?"

दयानंद म्हणला, "पार वार्षिक परीक्षेपर्यंत. सर नवीन पोरगं बसवायचे. आम्ही म्हणायचो, सर, तिथं हरिओम हाय."

जनरेटरचा धूर होता म्हणून, न्हाईतर डोळ्याला पाणी यायचं काही कारण नव्हतं. वर्षभर माझी जागा धरली पोरांनी! आन माझ्याच्यानं एक संध्याकाळ न्हाई! तिथंच ठरवलं, उद्या गाडीत अजहरला जागा धरून देणार. बोलणार! भांडणार!

सकाळी मुदखेडला गाडी आली. जनरल डबा, मुंगीला वाव न्हाई. मी खिडकीतून दस्ती फेकली, आत घुसलो, सीटपुढं पाय रोवून उभा राहिलो. एक मिशीवाला म्हणला, "बसू का?" मी म्हणलं, "न्हाई! माणूस हाय इथं!" अहो, माझाच आवाज मला ओळखू येईना! मिशीवाला चक्क मागं सरला! लढाई जिंकली हो!

आणि मागून आवाज आला, "बाळा... नांदेडपासून उभी हाय रे."

विठाबाई! कडेवर बरणी, कंबरेला दस्ती! लेक निजामाबादला दिलेली!

"...बसा."

अजहर माझ्याकडं बघून राहिला, गाडी हलली, मी खाली उतरलो.

दुपारी त्याचा फोन. "हरिओम, आजी निजामाबाद में उतरी. उतरते वक्त मेरी दस्ती निकाली, सीट पे डाली और डब्बे में सबको बोली, ही जागा माझ्या लेकराची हाय, कोणी बसू नका!"

म्हणलं, "मग? बसलास ना निवांत?"



"वो मिशीवाला आया रे... पूछा, बैठूँ क्या..."

"आन?"

"मैं बोला, बैठो."

आता तुम्हीच सांगा... मी काय बोलणार?