वाढवायला नेते म्हणे

—नाही, दोना सेलेस्ते, तो शब्द या घरात परत काढू नका. क्रिआर, म्हणजे वाढवणं. माझ्या नातीला 'वाढवायला नेते' म्हणे. कोंबडी वाढवतात, डुक्कर वाढवतात, गरिबाची पोर वाढवतात — सगळ्यांना तेच एक क्रियापद. तुमच्या आईनं तुम्हाला वाढवलं, असं कधी कुणी पाहुण्यांना सांगितलं? नाही सांगितलं. तुम्ही आपल्या मोठ्या झालात. मला मात्र तुमच्या घरानं 'वाढवलं' — आणि ते सांगायचं कधी, तर बदकाच्या रश्श्याचं गरम पातेलं माझ्या हातात असताना.

हसताय कशाला? नऊ वर्षांची होते मी, इथून बोटीनं बेलें शहराच्या धक्क्यावर उतरले तेव्हा. शाळेत घालू म्हणाले होते. शाळेत तुम्ही गेलात, मी तुमचे बूट पुसले. तुमच्या वडिलांच्या जाडजूड शब्दकोशावरची धूळ झटकता झटकता अक्षरं ओळखायला लागले — कुणी शिकवलं नाही, कुणाचे उपकार नाहीत — आणि वाचता आल्यावर पहिला शोधला तो हाच शब्द. देवानं जग केलं, तेही क्रिआर म्हणे. असेल. देवानं जगाला स्वयंपाकघरामागच्या बोळात झोळी टांगून झोपवलं नाही एवढं नक्की.

काय म्हणालात? मग निल्सा कशी खुशीनं आली? — माझी मामेबहीण खुशीनं नाही आली, बाई, तिला मी आणली. तुमच्या आईनं धाडलं मला, नवा फ्रॉक घालून बोटीनं आले, इथंच, या फळ्यांवर बसले आणि मामीला म्हणाले, चांगलं वाढवतील. हाच शब्द, माझ्या तोंडानं. मामीनं पोरीचे केस विंचरून दिले. सात वर्षांची होती. वर्ष नाही झालं, तापानं फणफणली — तुम्ही सगळे समुद्रावर हवा खायला गेलेले, आणि मी, डॉक्टर बोलावला तर बाईसाहेब रागावतील म्हणून... दोन दिवस थांबले. दोन दिवस. पोर गेली. मामी मरेपर्यंत मी तिला तोंड दाखवलं नाही.

हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. असू दे.

एदिलेने, ते गाठोडं सोड आणि आत जा. जा म्हणते ना — तुझ्या बापानं हो म्हटलं असलं तरी त्याला मी बघते.

आणि तुम्ही काय डोळे पुसताय, दोना सेलेस्ते? पन्नास वर्षं 'झुल्मिरा म्हणजे माझी बहीणच' असं सांगत फिरलात ना — मग या बहिणीचं आडनाव सांगा, आणि घेऊन जा पोरीला.