पाच शुक्रवारांची माफी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम काय केलं सांगू का, माझ्या दाढीला मेंदी लावली. म्हणजे लावली तिनं, मी नुसता खुर्चीवर तोंड वर करून बसलो व्हतो, गळ्यात जुना टावेल. ती म्हणती बोलू नका, मेंदी तोंडात जाती, आणि मी बोलतोच, कारण खैरून म्हणली गप बसा आणि मी गप बसलो असं आमच्या संसारात एकदा पण झालं नाय. दुपारचे तीन वाजले असतील. तिनं हात धुतले, म्हणली जरा पडते. मी थोड्या वेळानं हाक मारली, पाणी टाक गं दाढीवर, दोनदा मारली. पुढचं नाय सांगत. रडायला तुम्हाला बोलावलं नाय मी, ती कशी आली आणि कशी राहिली ते सांगायला बोलावलं. लिहून घ्या.

माझा जलम बिडकीनचा. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, तवा मी अम्माच्या मांडीवर, म्हणजे मला काय आठवणार, अम्मा सांगायची तेच सांगतो. बाप आठवडी बाजारात बांगड्या विकायचा. अम्माला एकच बहीण, धाकटी, माझी खाला. तिचा नवरा त्या गडबडीत घाबरला आणि बायकोला घेऊन कराचीला गेला. जायच्या दिवशी दोघी बहिणी गळ्यात पडून रडल्या आणि रडता रडता एक शब्द देऊन बसल्या, की खालाला पोरगी झाली तर ती अम्माच्या पोराला, म्हणजे मला. मी मांडीवर हगतोय आणि माझं लगीन ठरलं. आता काय सांगू तुम्हाला.

शाळा माझी चौथीपर्यंत. पुढं मोटारी भरायचं काम शिकलो, विहिरीवरची पाण्याची मोटार जळाली की आतली जळकी तार काढायची आणि तांब्याची नवी गुंडाळायची, तेच काम जलमभर केलं. तिकडं खालाला पोरगी झाली. पण मधी एक लढाई झाली, टपाल बंद. मंग बंगालची लढाई झाली, रेल पण बंद. अम्मा म्हणायची थांब. माझ्या बरोबरीच्यांची पोरं शाळंत जायला लागली तरी अम्मा म्हणायची थांब, मी शब्द दिलाय. मला लोक इचारायचे, काय रे बाबू, नवरी कुठं अडकली, मी म्हणायचो बॉर्डरवर. हसायचे. खरंच तर व्हतं.

मंग रस्ता खुलला आणि खाला पोरगी घेऊन आली, तीन महिन्यांचा व्हिसा. उतरली औरंगाबादला, आता संभाजीनगर म्हणतात, शहागंजात मामूच्या घरी. निकाह तिथंच लागला. नंतर आम्हाला पयल्यांदा एका खोलीत बसवलं तर ही घुंगट वर करून सरळ माझ्याकडं बघती आणि म्हणती, आप ही हैं वो, जिनके लिए मेरे छे रिश्ते लौटाए गए? मी म्हणलं व्हय. तिनं मला वरून खाली बघितलं, परत खालून वर बघितलं, म्हणली, ठीक है, चल जाएंगे. असं माझं लगीन झालं.

आता आमच्यात जुम्मगी असती. तुम्हाला ठाऊक नसल. लगीन झाल्यावर पाच शुक्रवार नवरानवरीला नातेवाईक जेवायला बोलावतात, दर शुक्रवारी एक घर, आणि नाय गेलं तर ते घर जलमभर तोंड फिरवतं. तर पयला शुक्रवार आमच्याच घरी बिडकीनला. दुसरा पैठणला, तिसरा खुलताबादला, चौथा गंगापूरला आणि पाचवा थेट अजिंठ्याला, अम्माच्या मावसभावाकडं. काय खाणं व्हतं ते! पैठणला तर तिच्या ताटात इतकं वाढलं की ती माझ्या कानात म्हणली, ये दावत है के सजा. बिडकीनला अम्मानं ज्वारीची भाकरी दिली तर तिनं ती वाजवून बघितली, म्हणली, अम्मी, ये रोटी है के तवा? अम्माला राग यायच्या ऐवजी हसूच आवरंना. मामूनं कुठून तरी कॅमेरा मागून आणला व्हता, जिथं जाईल तिथं फोटो, धरणाच्या भिंतीवर फोटो, अजिंठ्याच्या डोंगराला पाठ लावून फोटो.

आणि व्हिशावर काय लिहिलेलं व्हतं, तर औरंगाबाद शहर. फक्त शहर. शहराच्या बाहेर पाऊल टाकायचं तर पोलिसांना इचारून. ते मामूला माहीत व्हतं बरं का, आल्या आल्या पोलिसात नाव लिहवून आणलं व्हतं त्यानं. पण जुम्मगीला नेताना कुणाच्या डोक्यातच आलं नाय. अम्माला नंतर इचारलं तर म्हणली, नवरीला जेवायला न्यायचं तर त्याला परवानगी लागती व्हय? लागती, अम्मा. लागत व्हती.

तीन महिने सरत आले. ती आता बायको, राहू द्या म्हणून अर्ज दिला. पोलिसांच्या हापिसात बोलावलं. लगीन खरं हाय का नुसतं कागदासाठी, ते तपासायचं व्हतं. दोघांना येगयेगळं बसवून इचारलं. साहेब चांगला माणूस, आवाज पण चढवला नाय. मला म्हणला, बायकोला खायला काय आवडत नाय? मी म्हणलं, भाकरी. नवऱ्याची कुठली खोड आवडत नाय असं तिला इचारलं, ती म्हणली, बोलते बहुत हैं. साहेबानं माझं सगळं ऐकलं व्हतं, मान हलवली, म्हणला, हे तर जुळतं. मला वाटलं झालं काम. कागदावर सही करायला त्यानं पेन उचललं पण व्हतं.

तेवढ्यात अम्मा आत आली. तिला बाहेर बसवलं व्हतं, पण ती बसणारी बाई नाय. पिशवीतून फोटो काढले आणि टेबलावर मांडले एकामागं एक. साहेब, लगीन खोटं कसं म्हणता, ही बघा पाच जुम्मग्या, हे पैठण, हे खुलताबाद, हे धरण बघा केवढं आलंय, हा अजिंठा, नवरी कशी दिसती बघा डोंगरापुढं. साहेबानं एकेक फोटो हातात घेतला. पेन खाली ठेवलं. अम्माला वाटलं फोटो आवडले. म्हणली, पायजे तर एक ठेवून घ्या.

साहेबानं फोटो गोळा करून अम्माच्या हातात दिले. मंग म्हणला, आजी, लगीन खरं हाय, मला काय शंका नाय. पण तुम्ही तुमच्या सुनंचे पाच गुन्हे मला फोटोसहित दाखवले. आता मी काय करू?

काय करणार. अर्ज नामंजूर. वेळेत परत जायचं, आणि अट मोडली म्हणून दिल्लीतून माफी मिळाल्याबिगर पुन्हा येता येणार नाय. स्टेशनावर खाला रडती, अम्मा तर स्वतःच्या तोंडात मारून घेती, मी खांबाला धरून उभा. खैरून तेवढी कोरडी. गाडी हलली तवा खिडकीतून म्हणली, अर्जी किसी और से लिखवाना, आपका खत मैंने देखा है.

मंग देशपांडे काका आले. शहरातले, निजामाच्या काळात कचेरीत लिहिणं करायचे, उर्दू माझ्यापेक्षा साफ. मी त्यांच्या विहिरीची मोटार भरली व्हती. मी म्हणलं, काका, असं लिहा की ती आजारी व्हती, दवाखान्यात नेलं. काकांनी चष्मा काढला. म्हणले, बाबू, पाच गावात पाच दवाखाने? गाढवा, फोटोत तिच्या हातात जिलबी हाय. जे झालं ते लिहायचं. कुठल्या शुक्रवारी कुठल्या घरी, काय खाल्लं, किती वाजता निघाली, सगळं. आणि प्रत्येक गावच्या पोलीस पाटलाकडून लिहून आण की बाई आली आणि तिनं गावात काही वावगं केलं नाय.

तर मी फिरलो पाच गावं. आणि गंमत ऐका, जिथं जाईल तिथं मला जेवायला बसवलंच, नवरदेव हाय म्हणून. बायको कराचीत आणि मी एकटाच जुम्मगी करत फिरतोय. पैठणच्या पाटलानं काय लिहून दिलं सांगू, सदर बाई आल्या, जेवल्या, भांडी घासू लागल्या, आम्ही नको म्हणालो तरी घासली, चांगली घासली. गंगापूरच्यानं लिहिलं, बाईंनी गावात काही पाहिलं नाही, कारण गावात पाहण्यासारखं काही नाही. काकांनी ते वाचलं आणि इतके हसले की काकू आतून बघायला आल्या.

दीड वरीस गेलं. हसायचं सांगतोय म्हणून सगळंच हसायचं व्हतं असं नाय. पोस्टमन दुकानापुढून सायकलवर जायचा तवा माझ्या हातातली तार सुटायची. अम्मानं तर फोटो पेटीत टाकून कुलूप लावलं, बघितले नाय पुन्हा. लोक म्हणायला लागले, सोड रे, दुसरी कर. अम्मा स्वतः म्हणली एकदा, मान खाली घालून, मीच तुझं वाटोळं केलं, दुसरी कर. मी म्हणलं, अम्मा, तिनं सहा सोडले, मला एक सोडता येत नाय.

तिकडं कराचीत तिला पण आपल्या, म्हणजे हिंदुस्थानच्या हापिसात बोलावलं, मुलाखतीला. ते मला तिनंच नंतर सांगितलं. साहेबानं इचारलं, अट माहीत व्हती तर पाच ठिकाणी का गेलीस? ती म्हणली, साहब, नई दुल्हन से कौन पूछता है, जहां बिठाया वहां बैठी, जो परोसा वो खाया. साहेब म्हणला, मंग चूक कुणाची? आता बघा, अम्माचं नाव घेतलं असतं तर ती सुटत व्हती. तिनं म्हणलं, मेरी. घर मेरा है तो गलती भी मेरी. अम्माला मी हे सांगितलं त्या दिवसापासून अम्मानं तिला कधी सून म्हणून हाक मारली नाय, बेटीच म्हणली, मरंपर्यंत.

माफी आली. जाड कागद, इंग्रजी. काकांनी बिडकीनच्या स्टँडवर उभं राहून मोठ्यानं वाचला, आधी इंग्रजीत, मंग मराठीत, मंग अम्मासाठी उर्दूत, आणि चहावाल्यानं परत मराठीत वाचायला लावला.

आली ती. पण अट व्हती, बिडकीनमधीच राहायचं, बाहेर जायचं तर इचारून, आणि दर वर्षी मुदत वाढवून घ्यायची. आता तिनं ती अट अशी धरली की इचारू नका. मी शेजारच्या गावात मोटार काढायला गेलो की ती डबा घेऊन शिवंच्या दगडापर्यंत यायची, दगडाच्या अलीकडं उभी राहायची आणि ओरडायची, ओ अम्मी के बेटे, खाना ले जाव! दहा पावलं पुढं यायला सांगितलं तर म्हणायची, मेरा पाव पराए गांव में पडा तो फिर अर्जी कौन लिखेगा, तुम? तिथले शेतकरी डबा आणून द्यायचे मला, हसत हसत. दोन पोरी आणि एक पोरगा झाला, भाकरी करायला शिकली, अम्मापेक्षा पातळ. मराठी शिकली ती बाजारातल्या बायांशी भांडून, म्हणून तिला भांडायची मराठी आधी आली आणि गोड बोलायची नंतर. पोरगा आता वाळूजला कंपनीत हाय.

लई वर्षांनी तिला इथली नागरिक केलं. शपथ घेतली तिनं, कागद हातात आला, हापिसाच्या पायऱ्या उतरलो. मी स्कूटरला किक मारली, म्हणलं, कुठं जायचं? ती म्हणली, जिथं कुणाला इचारायचं नाय तिथं. मराठीत म्हणली. मंग मी पैठणच्या रस्त्याला लागलो, बिडकीन आलं आणि मागं गेलं, पैठण आलं आणि मागं गेलं, गोदावरीचा पूल झाला, आणि पुढं जिल्हा संपल्याची पाटी आली. ती म्हणली थांबवा. उतरली, पाटीच्या पलीकडं चालत गेली, परत आली. परत गेली. पन्नाशीची बाई, तीन पोरांची आई, रस्त्यावर नुसती इकडून तिकडं जाती आणि हसती. एक ट्रकवाला थांबला, म्हणला, चाचा, काही हरवलं का? मी म्हणलं, नाय बाबा, सापडलं. तुम्हाला सांगतो, मी जलमात लई चांगले दिवस बघितले, पण तसा दुसरा नाय.

अल्ला तुमचं बी भलं करो. तुमची माणसं तुमच्याजवळ राहोत, कुणाच्या सहीबिगर राहोत.

मेंदी लावली त्याच दिवशी मगरीबच्या, म्हणजे सांजच्या नमाजनंतर तिला माती दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा म्हणला, अब्बा, तुम्ही पडा, मयताची नोंद करायला पंचायतीत मी जातो. मी म्हणलं नाय, ती राहायला आली तवा पंचायतीत तिचं नाव मी लिहवलं, हे पण मीच लिहवणार. गेलो. टेबलावर पवाराची पोरगी व्हती, नवीन लागलेली, खैरूनच्या हातचं खाऊन मोठी झालेली. डोळे पुसत पुसत लिहायला लागली. मी कागदाची पिशवी काढली तर म्हणली, चाचा, राहू द्या, चाचीचे कागद कशाला पायजेत? तिनं आपल्याच मनानं जलमाच्या ठिकाणी बिडकीन लिहिलं.

मी त्या शब्दावर बोट ठेवलं. मंग म्हणलं, पोरी, खोड ते. कराची लिही.

ती म्हणली, खरंच, चाचा? आम्हाला तर वाटायचं चाची इथल्याच.

मी म्हणलं, लिही, लिही. लई लांबून आली व्हती ती.