आईनं पाहिलेली कारवी

तुम्ही फोटोंचं बोलताय म्हणून आठवलं. एका साली आमच्या ताम्हिणीला कारवी फुलली होती. सात वर्षांतून एकदाच फुलते ती, आणि फुलली की मागचा डोंगर सगळा निळा होतो. आमच्या घरातून तो दिसत नाही, आणि आई तर कंबर मोडून अंथरुणात. मी एक डहाळी आणून दिली, तर म्हणाली, "डहाळी काय करू? मला डोंगूर बघायचा हाय. फुडच्या कारवीला मी कुटली?"

तेवढ्यात पुण्याचे एक फोटोवाले आले. त्यांच्या कॅमेऱ्याची तीन पायांची घोडी मी वर वाहून नेली आणि बदल्यात आईसाठी एक फोटो मागितला. भला माणूस. पंधरा दिवसांनी स्वतः घेऊन आला.

बघतो तर फोटो काळा-पांढरा! माझं तोंडच उतरलं. "सायेब, निळं कुटं गेलं?"

"अहो, या कॅमेऱ्यात रंग येत नाहीत," ते हळूच म्हणाले.

तोवर आईनं फोटो ओढून घेतलाच. उजेडाला धरून त्यावर बोट फिरवत राहिली. "काय निळं निळं झालंय रं! अन् हितं वढ्याकडं जरा जांभळट. तिकडली कारवी दर येळी तशीच."

फोटोवाल्यांना राहवेना. "आजी, यात रंग नाहीत हो."

आईनं त्यांच्याकडं कीव आल्यागत बघितलं.

"तुमी सोता डोंगरावर जाऊन आलात न्हवं? मग तुमाला कसा दिसंना?"