धुतल्याबिगर आणलेला पंप

(विहिरीच्या काठावर चंद्रव्वा. गौस ट्रॅक्टरमागच्या पंपाची पाइप गुंडाळतोय. पाणी तपासायला आलेले सरकारी साहेब विहिरीच्या पाण्याची बाटली भरून शेजारच्या कारखान्यात चहाला गेलेत.)

चंद्रव्वा : चोर हाय त्यो सायेब! विहिरीत काळं पाणी सोडलं कारखान्यानं, माझ्या दोन म्हशी गाभडल्या. आन ह्यो बाटली हुंगून म्हणतो, "बाई, शेण पडलंय, तुमचंच!" वर चहा प्यायला कुटं गेला? कारखान्यातच!

गौस : मी काय बोलू, अम्मा? त्यांनी सांगितलं विहीर उपस. उपसली.

चंद्रव्वा : विहिरीवर माझी मोटार हुती की रे. मग तुझा शेणकाल्याचा पंप कशाला बलावला?

गौस : मोटार गाळ वडत न्हाय म्हणाले.

चंद्रव्वा : सकाळी कुटं लावला हुतास पंप?

गौस : डेअरीवर.

चंद्रव्वा : शेणमुताच्या हौदावर?

गौस : व्हय.

चंद्रव्वा : अय्यो शिवने! आन तसाच माझ्या विहिरीत?

गौस : पाइप सोडली, पंपानं हवा धरली. खालची झडप झिजलीया. पायपात ऱ्हायलेला काला गपकन खाली गेला. मग उपसलं, पन तळाला जे उरलं त्यातनंच बाटली भरली त्यांनी.

चंद्रव्वा : तम्मा, माझ्या भावा, पंप धुतल्याबिगर तू कुनाच्या बांधावर पाय ठेवत न्हाईस. तुझ्या बापाची, हुसेनसाबची शिस्त हाय ती. बाप गेला म्हणून शिस्तबी गेली व्हय?

गौस : बापाला मधी आणू नका.

चंद्रव्वा : मग खरं बोल.

गौस : फोनवर इचारलं हुतं मी. "सायेब, पंप शेणाचा हाय, धुऊन आणतो."

चंद्रव्वा : मग?

गौस : हसले. म्हणाले, "धुऊ नको. तसाच आण."

चंद्रव्वा : ...बघ की. आन मी आपली सकाळी त्याला ताक दिलं.

गौस : बोललो तर कारखान्याच्या गेटातनं माझा ट्रॅक्टर आत जायचा न्हाय, अम्मा. अख्खा हंगाम जाईल. घरी कौसरला काय सांगू?

चंद्रव्वा : तुझा हंगाम जाईल, व्हय. खोटं कशाला बोलू? माझं पाणी गेलंय.

गौस : सायेबाची जीप आली. पाइप ट्रॉलीत टाकतो, निघतो.

चंद्रव्वा : पाइप ऱ्हाऊ दे हितंच, शेणासकट. त्यो खाली उतरला की जे मला बोललास, तेवढंच त्याच्या तोंडावर बोलायचं. बोलतोस का न्हाय, गौस?