भिकूनानांची चिमूट

मंडळी, माझी एक तक्रार आहे, ती आधी नोंदवून घ्या. शाळेच्या या दालनात पंखा एकच, आणि तुम्ही मला नेमकं त्याच्याच खाली उभं केलंत. तो दर फेऱ्याला 'टक्' करतो. अर्धा तास मी गंभीर व्हायचा प्रयत्न करतोय आणि हा वरून ठेका धरतोय. या पंख्याचा मी जाहीर निषेध करतो.

हसलात, बरं झालं. पुढचं बोलणं मला जमेल की नाही, ठाऊक नाही. तिरकं बोलायची सवय लागलेल्या माणसाची जीभ सरळ बोलताना अडखळते.

नवापूरहून एवढी माणसं आज होड्या ओढून ठेवून आलीत. कमलताई आल्यात, त्यांचे यजमान आलेत. आपले भिकूनाना गेल्या सोमवारी गेले. जाळी विणणारा, बोंबील घेऊन बोईसरला दारोदार येणारा माणूस. त्यांच्याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार? मी फक्त एका तंबोऱ्याची गोष्ट सांगतो.

कमलताई मिरजेकडच्या. यजमान वीजकेंद्राच्या बांधकामावर फिटर, म्हणून त्या इथल्या झाल्या. येताना तंबोरा आणला. दर गुरुवारी त्या गायच्या, आपण ऐकायचो. मग घशाचं दुखणं आलं. दुखणं गेलं, पण आवाज खाली उतरला तो उतरलाच. तरी त्या जुन्याच पट्टीत गायला बसल्या, आणि भर बैठकीत आवाज फाटला. तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "भांड्याला कल्हई हवी." ते कुणीतरी म्हणजे मी. ताई, तुम्हाला हे आजवर कुणी सांगितलं नसेल, तर मीच सांगतो.

त्यांनी तंबोऱ्याला खोळ चढवली. गाणं संपलं म्हणाल्या, आणि गिऱ्हाईक बघायला मलाच सांगितलं. मी त्यांच्या ओटीवर बसलो होतो, तेवढ्यात नाना बोंबलांची पाटी घेऊन आले.

"बाय, याला का झाकून ठेवलाय?"

"गळा बिघडला, नाना."

"बिघडला नाय. खाली आलाय."

मी शहाणपणा केला. म्हटलं, मग तारा सैल करा, झालं. केल्या. तारा लोंबल्या आणि ज्यावर त्या टेकतात त्या घोडीवर खडखडायला लागल्या.

नाना म्हणाले, "मास्तर, घोळीएवढ्या मोठ्या मासळीच्या गळाला कोलंबीच्या जाळ्याचं बारीक सूत बांधाल काय? सूर खाली तं तार जाड पायजे. किती जाड, ते लावून बघाय लागेल."

घरी त्यांची एकतारी होती, एवढंच आम्हाला माहीत होतं.

मुंबईहून तारा आणायचं काम माझ्याकडे आलं. पोलादी आणि पितळी मिळून नऊ वेटोळी. प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी. सगळी मी एकाच खिशात कोंबली. ताईंच्या घरी पोचेपर्यंत चिठ्ठ्या खिशाच्या तळाशी आणि वेटोळी नागडी. शिकलेला माणूस तो असा.

ताईंचा चेहरा पडला. नाना म्हणाले, "नंबर मास्तरांना लागतात. आमाला नाय." आणि डोळे मिटले. एकेक तार अंगठा नि बोटाच्या चिमटीत धरायची, हळूच ओढायची, खाली ठेवायची. नऊच्या नऊ, बारकीपासून जाडीपर्यंत ओळीत. दोन पोलादी तारा मला अगदी एकच दिसत होत्या. "डावी केसभर जाड हाय," नाना म्हणाले. यजमानांनी कामावरचं जाडी मोजायचं माप काढलं. मोजलं. पुन्हा मोजलं. मग माप खिशात घातलं.

मंडळी, मिठानं भेगाळलेली ती बोटं. मला त्या बोटांची भीती वाटली. दुसरा शब्द सापडत नाही.

पट्टी ठरवायला मी पेटी पुढे ओढली.

"पेटी राऊ द्या. बाय, मला चहाला हाक मारा."

"नाना, चहा घ्या."

"ही पावण्याची हाक झाली. मी परसात हाय, असं समजून मारा."

"नाना, चहा निवतोय."

त्या हाकेत नानांनी षड्ज धरला.

मग तारा. मधल्या जोडीला सगळ्यात जाड पोलादी लावली, ती घुसमटली. "दांडगी हाय, बोलाय मागत नाय." उतरवली. मग त्या दोन सारख्या दिसणाऱ्यांतली उजवी; ती बोलली, पण सैलसर. शेवटी ती डावी, केसभर जाड. तीच बसली. पहिल्या तारेला पोलाद काढून पितळ. खर्जाला सगळ्यात जाड पितळी. तारा गुंजाव्यात म्हणून घोडीवर त्यांच्याखाली सरकवायला दोरा हवा होता, तो नानांनी आपल्या पिशवीतल्या सुतातून काढला.

"मास्तर, आता एक मिनिट गप रावा. तारा बसाय लागल्यात."

आणि मी? मी म्हणालो, "नाना, भोपळ्यात समुद्र भरलात की काय?" सगळे हसले. नानाही हसले. पण त्यांचा हात खुंटीवर तसाच होता. म्हणाले, "मिनिट ऱ्हायलं तुमच्याकडं."

ताई त्या दुपारी गायल्या. ज्याला कल्हई हवी होती, त्याच गळ्यातून. खाली, रुंद, न घाबरता. यजमान भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बोंबलांची पाटी तशीच पडून होती आणि नानांना गिऱ्हाइकांची आठवण नव्हती. तंबोरा विकायचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर दर भेटीत नाना विचारायचे, "मास्तर, माजं मिनिट?" आणि दर भेटीत मी काहीतरी गमतीचं बोलून सुटायचो.

ताईंनी तंबोरा आणलाय. तारा त्याच आहेत. कुणीतरी तो पंखा बंद करा. आपण सगळे उभे राहूया. ताई, छेडा.

नाना, हे तुमचं मिनिट. मी गप्प राहतो.